गुणाबाईची शागीर्द

"सांगितलं तर तुमच्यापैकी एकीलाबी खरं वाटणार न्हाई," गुणाबाई म्हणाली, "पण हे रुखवत मांडणारी लातूरची पोरगी तीन महिने माझ्या घरी भांडी घासायला होती!"

रुखवताच्या टेबलाभोवती जमलेल्या बायकांनी माना वळवल्या. अहमदपूरच्या त्या मंगल कार्यालयात मुहूर्त बारा पस्तीसचा होता, म्हणजे अक्षता दीडला पडणार, हे लहान लेकरालाही ठाऊक होतं. नवरदेव अजून मारुतीच्या पारावरच होता आणि त्याचे मित्र बँडपुढून हलायला तयार नव्हते. तेवढा वेळ कुठंतरी काढायचाच, तर तो गुणाबाईपाशी काढलेला बरा.

"भांडी? ती कामून?" भोकरहून आलेल्या एका वऱ्हाडणीनं विचारलं.

"रुखवत शिकायचं म्हणून! मी म्हणलं, आधी पातेलं घासून दाव. जिला पातेलं लखलखीत करता येईना, तिला डाळीचा मोर काय जमणार?"

खुर्चीवर बसलेल्या तुळजाबाईनं, म्हणजे नवरीच्या आजीनं, पदर तोंडाला लावला. तिला गुणाबाईचं चाळीस वर्षांचं खोटं पाठ होतं. भोकरच्या एका लग्नात गुणाबाईनं साखरेचा बंगला केला होता. त्यात मुंग्या शिरल्या, पण बंगल्याचा थाट बघून सगळ्या मुंग्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, असं ती शपथेवर सांगे. तिनं केलेला डाळीचा मोर बघून आभाळ भरून आलं आणि शिरूर अनंतपाळचा अख्खा मांडव भिजला, हेही तिचंच. पाऊस खरा पडला होता. मोरही खराच होता. मधला धागा तेवढा गुणाबाईनं ओवलेला.

बाकी तिच्या जिंदगीत सांगण्यासारखं काही नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. दुपारी भांडी पालथी पडली की घरी येऊन सुपाऱ्या, खारका, खोबऱ्याच्या वाट्या, मूग, मसूर घेऊन बसायची. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की नवरा मुलगा कसा आहे याच्याआधी लोक विचारायचे, "गुणाबाईला सांगितलं का?"

आणि साक्षीच्या लग्नाला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

साक्षी म्हणजे आजची नवरी, उज्वलाची पोरगी. उज्वलाच्या लग्नात सुपारीचे नवरा-नवरी गुणाबाईनं असे केले होते की विहीणबाई ते घरी नेऊन देवघरात ठेवायला निघाल्या. पुढं साक्षी बारशाला पाळण्यात पडली, तेव्हाच गुणाबाईनं मनाशी ठरवलं होतं की हिच्या रुखवताला सप्तपदीची सात पावलं सात डाळींची करायची. दिवाळीपासून ती उज्वलाची वाट बघत होती. डाळी पाखडून, निवडून, सात डब्यांत भरून ठेवल्या होत्या. उज्वला आली नाही. तिचा नवरा शेषेराव पत्रिका घेऊन शाळेच्या स्वयंपाकखोलीच्या दारात आला आणि म्हणाला, "उज्वलानं सांगितलंय, मावशीनं ह्या बारीला काही करायचं न्हाई. निवांत जेवायला यायचं."

किती मायेनं हाकलतात माणसं!

म्हणून गुणाबाई आज सकाळी दहालाच येऊन टेबलापुढं उभी राहिली होती. एक तरी खोट काढल्याशिवाय जेवायचं नाही, असा पण करून. तिनं वाकून बघितलं, बसून बघितलं, चष्मा पुसून बघितलं. थर्माकोलचा तुकडा सापडेना, चकचकीत कागद सापडेना. सारं ज्वारीच्या धांड्यांचं आणि कडब्याच्या पानांचं. त्यात साक्षीचं अख्खं आयुष्य मांडलेलं. पाळणा, आजोबांची बैलगाडी, विहीर, एसटी स्टँड, नांदेडचं कॉलेज. बैलगाडीचं चाक बोटानं ढकललं तर फिरत होतं. गुणाबाईनं ते तीनदा ढकललं. चौथ्यांदा जरा जोरात ढकललं. तरीही फिरलंच.

मग तिला शाळा दिसली. शाळेपुढं पोरांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी पातेल्यात उलथनं घालून उभी असलेली बोटभर उंचीची एक बाई. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू.

"अग्गं माय, गुणाबाई, ही तू!" कुणीतरी ओरडलं होतं, आणि सगळ्या हसल्या होत्या. प्रेमानंच हसल्या होत्या.

गावाची रुखवतं जिनं चाळीस वर्षं केली, ती अखेर रुखवतात गेली, आणि तीही खिचडीवाली म्हणून! बरं, बाहुली वाईट असती तरी मन निवलं असतं. पण गुणाबाईचा डावा खांदा जरा खाली आहे, तो बाहुलीचाही होता; साक्षीनं शाळेतला फोटो दिला असणार. ते बघितलं, आणि तिच्या तोंडून ती भांडी घासण्याची गोष्ट सुटली.

"तीन महिने," ती आता रंगात येऊन सांगत होती. "जाताना पायावर डोकं ठेवून रडली पोरगी. म्हणली, मावशी, मला तुमचा निम्मा हात द्या. मी म्हणलं, निम्मा कशाला, एक बोट घेऊन जा, तेवढ्यावर लातूर जिंकशील."

"गुणे, जिभेला काही हाड?" तुळजाबाई म्हणाली. "ती बघ, आलीच ती सुकन्या. ए पोरी, हिकडं ये बरं! ही बाई म्हणायली, तू हिच्याकडं भांडी घासलीस. खरं का?"

खांद्याला पिशवी, हातात कात्री, कानात फोनचं बटण घातलेली पंचविशीची मुलगी गर्दीतून पुढं आली. गुणाबाईला पळायला वाट नव्हती. मागं टेबल, पुढं बायका. सुकन्यानं तिच्याकडं बघितलं. मग टेबलावरच्या पातेल्याशेजारच्या बाहुलीकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"हाव आजी," ती म्हणाली. "खरंय."

बायका आणखी जवळ सरकल्या. गुणाबाईनं चष्मा काढून पुन्हा घातला.

"अन् भांड्यांचं तर काहीच न्हाई," सुकन्या म्हणाली. "पहिल्या दिवशी मावशींनी मला किलोभर साबुदाणा दिला. म्हणल्या, मोजून आण. सात दिवस मोजला बगा मी. एक दाणा कमी भरला. म्हणल्या, पुन्हा पहिल्यापासून!"

"अगं बया!" भोकरची बाई म्हणाली.

"मग सापडला का दाणा?" तुळजाबाईनं डोळे बारीक केले.

"सापडला की. मावशींनीच एका चिमणीच्या चोचीतून काढला. ती चिमणीबी त्यांच्याकडं शिकायलाच होती, खोपा विणायला."

हशा असा उठला की पलीकडं भटजींनी मान वर केली. गुणाबाई हसली नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. चाळीस वर्षं ती खोटं बोलत आली. ती चिमणी तिला एकदाही सुचली नव्हती. रुखवत गेलं ते गेलंच, आता गावातलं खोटंही ही पोरगी घेऊन चालली होती!

तेवढ्यात उज्वला आली. पैठणी सावरत, घामानं भिजलेली. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

"मावशी, ही तुमची शागीर्द हाय अन् सांगितलं न्हाई व्हय! किती जीवाला लागून होतं माझ्या, तुम्हाला कसं टाळलं म्हणून. साक्षीच हट्टाला पेटली होती, नवीन काहीतरी पाहिजे म्हणून. बरं झालं बाई. म्हणजे शेवटी तुमच्याच हातचं आलं की!"

"तेच लिहिते आता," सुकन्या म्हणाली. टेबलाच्या कोपऱ्यात तिच्या नावाची पाटी होती. पिशवीतून पेन काढून ती वाकली आणि आपल्या नावाच्या वर, मोठ्या अक्षरांत गुणाबाईचं नाव लिहू लागली.

बायका सरकून वाट देऊ लागल्या. भोकरच्या बाईनं तर आपल्या धाकट्या पोरीच्या लग्नाची तारीखही सांगून टाकली. उज्वलानं गुणाबाईचा हात हातात घेतला. त्या हातात आता काही अपराधीपण उरलं नव्हतं, हलका झाला होता अगदी.

गुणाबाईनं त्या फिरत्या चाकाकडं बघितलं. असं चाक तिला या जन्मात जमलं नसतं. आणि जे जमलं होतं ते घरी सात डब्यांत पडून होतं.

तिनं आपला हात सोडवून घेतला.

"खोटं हाय," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की सुकन्याचं पेन जागीच थांबलं. "सगळं खोटं हाय. ही पोरगी माझ्या दारात एक दिवस आली न्हाई. अन् उज्वला, तूबी आली न्हाईस."