रिकामी नळी

“साहेब, रिकामी नळी रिकामी नाहीये.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “बाई, सोमवारी सकाळी सकाळी कोडी घालू नका.”

कोडं नव्हतंच. बाईंनी शुक्रवारचा तक्ता पुढे सरकवला. सव्वीस वर्षं माशांचे डीएनए तपासून त्यांची नजर तयार झाली होती. शुक्रवारी मात्र घरी जायच्या घाईत ती नेमकी शेवटच्या रकान्यावरून घसरली.

नळी सात.

बाजारातल्या मावशीने रावस म्हणून विकलेला, सोललेला तुकडा. निकाल: बासा. स्वस्तातला मासा महागाच्या नावावर. खाली बाईंची सही. शनिवारी मावशीच्या गाळ्याला कुलूप.

शेवटची नळी.

हिच्यात मासा घालायचाच नाही, नुसतं पाणी. तिच्यात काही दिसलं, तर सगळी तपासणी बाद. दिसत होता बासा.

“चिमटा,” बाई म्हणाल्या. “सहाव्या नळीत खरंच बासा होता. त्यानंतर चिमटा मी साफच केला नाही. तसाच सातव्या आणि शेवटच्या नळीत बुडवला.”

“कोण बघायला बसलंय? दोन वर्षांत रिटायर होताय, कशाला अंगावर घेता?”

“मी बसलेय ना बघायला. तुकडा शिल्लक आहे, साहेब.”

पुन्हा नळी सात.

दोन दिवस बाईंना घास गोड लागला नाही. बुधवारी पडद्यावर उमटलं: सात, रावस. शेवटची नळी, काहीच नाही.

एवढं देखणं ‘काहीच नाही’ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या एकट्याच हसल्या.

कागद.

चुकलेला शब्द झाकायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. प्रयोगशाळेचा नियमच तो. ‘बासा’वर रेघ आणि शेजारी ‘रावस’ लिहिलेला कागद घेऊन बाई स्वतः गाळ्यावर गेल्या.

गाळा उघडता येईल हे ऐकल्यावर मावशीने कुलूप काढलं, ओटा धुतला, मगच हात पुसून कागद घेतला. “हे काय खोडलंय?”

“माझी चूक.”

“पाच दिवस लोक मला चोर म्हणतायत, बाई.”

“म्हणूनच आले. नवा कोरा कागद हवा असेल तर उद्या देते.”

“नको. हाच लावते. चूक कुणाची, तेही दिसू दे की.”

मावशीने कागद गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर भिंतीवर धरला. चिकटपट्टी तीनच कोपऱ्यांना पुरली. दुसरी सापडेपर्यंत चौथा कोपरा बाईंनी अंगठ्याने दाबून धरला.