मी अजून ‘या’ म्हणतेय

मी बोलतेय, झूरा अपाच्या तीन तंबूंची वेबसाइट. आधीच सांगून ठेवते, हल्ली माझ्या पानांवर जे काही लिहिलेलं दिसेल त्यातलं अक्षरही खरं मानू नका. तिथे आता दुसऱ्याचे शब्द आहेत. हे तेवढं माझं स्वतःचं.

माझा जन्म ओश शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. झूरा अपाची लेक कान्यशाय तिथे कॉलेजात शिकत होती. तिने खपून मला उभं केलं. पहिल्या पानावर अलायचे डोंगर, खाली कोक-बुलाकचं कुरण, त्यात लोकरीचे तीन गोल तंबू आणि दारात कंबरेवर हात ठेवून उभी असलेली अपा. फोटो बघून अपा भडकली होती. “अगं, ही काय भांडायला उभी आहे का? पाहुण्यांनी यायचं की पळून जायचं?”

पण पाहुणे आले. उन्हाळाभर ते घोडीचं दूध प्यायचे, नाक मुरडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायचे. बर्फ पडायच्या आत तंबू उतरवून सगळं घर खालच्या गावात यायचं. मग कान्यशाय माझ्या कपाळावर एक ओळ लिहायची, ‘कुरण बंद. आता जूनमध्ये या.’ माझ्याजवळ त्या ओळीइतकं मोलाचं काही नव्हतं. पण तेव्हा ते तिलाही कळलं नाही आणि मलाही नाही.

सुरुवातीला ती माझी फार काळजी घ्यायची. वेळच्या वेळी अपडेट करायची, माझ्या प्रती काढून ठेवायची. हिवाळ्यात वर जायचा रस्ता वेगळा असतो. नदीच्या अलीकडून, लांबचा; नदीपलीकडचा उन्हाळ्याचा रस्ता तेव्हा बर्फात बुजतो. तोही नकाशात घालायचं तिने ठरवलं होतं. मग राजधानीत, बिश्केकला नोकरी लागली, लग्न झालं, बाळ झालं. अपडेट राहिल्याची माझ्या कोपऱ्यातली लाल खूण दिसली की ती म्हणायची, “उद्या बघते गं.” माणसांचा उद्या फार लांब असतो.

आता माझ्या किल्ल्यांविषयी. तुम्ही त्याला पासवर्ड म्हणता. आमच्याकडे दारात आलेला माणूस नान चाखल्याशिवाय परत जात नाही. कितीही घाईत असला तरी उभ्या उभ्या एक तुकडा मोडून तोंडात टाकावाच लागतो. अपाने तोच नियम मला लावला. भाच्याने किल्ली मागितली, दिली. शेजाऱ्याला विकाऊ घोड्याचा फोटो लावायचा होता, त्यालाही दिली. माझं घर म्हणजे आओ जाओ घर तुम्हारा! कान्यशायने भांडून भांडून एकेक किल्ली बंद केली. उरली ती तिच्या थोरल्या चुलतभावाची, मेलिसची. त्याला ती बाइके म्हणते, म्हणजे दादा.

मेलिस बांधकामाच्या कामावर रशियात गेलाय. निघताना त्याने ताज्या नानाचा एक घास तोडला आणि उरलेला नान अपाने घरातल्या भिंतीवर टांगला. तो परत येऊन खाईल तेव्हाच तो नान उतरायचा. शेजारी आणखी एक नान आहे, पोलंडच्या अग्न्येश्काचा. ती गेल्या उन्हाळ्यात आली होती आणि निघताना अपाच्या गळ्यात पडून रडली. अपाने तिच्याही पुढे नान धरला. तोंडात घास आणि डोळ्यांत पाणी, असा तिचा फोटो माझ्याकडे आहे.

“अपा, मेलिस बाइकेची किल्ली बंद करते हं,” कान्यशाय एकदा म्हणाली.

“खबरदार! त्याचा नान अजून भिंतीवर आहे. परदेशी गेलेल्या पोराच्या तोंडावर दार लावायचं?”

“अगं, हे दार वेगळं.”

“दार ते दार! मेलेल्या माणसासाठी दार लावतात. तू मला शहाणपणा शिकवू नकोस.”

कान्यशाय हसली आणि तिने विषय सोडला. मला हसू आलं नाही.

मेलिसने तिकडे बाजारात जुना फोन विकला. माझी किल्ली त्या फोनातच होती.

या शरदात कोणीतरी माझं दार उघडलं. कडी तोडावी लागली नाही, किल्ली नीट फिरली. तो आत आला, सावकाश सगळं बघत हिंडला, अपाचा फोटोही त्याने बघितला. मग पहिल्यांदा कान्यशायची किल्ली बाद केली. अपाचा फोन नंबर आणि ईमेलचा पत्ता काढून स्वतःचे घातले. शेवटी माझ्या कपाळावरची ओळ पुसून लिहिलं, ‘वर्षभर चालू. या.’ त्याला आगाऊ पैशांशी मतलब. कोक-बुलाकला ऑक्टोबरात काय होतं हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. मला त्याची भीती वाटते ती याचसाठी.

मग अग्न्येश्काचं पत्र आलं. ‘झूरा अपा, माझा नान सांभाळलाय ना? तो खायला येतेय. सोबत माझी लेक आहे, अजून वर्षाचीही नाही. महिनाअखेरीला फार थंडी असेल का? असेल तर येत नाही.’

तो माझ्या तोंडून म्हणाला, ‘थंडी नाही. चूल पेटलेली आहे. या.’

तो निरोप मीच पोचवला. दाराला नाही म्हणता येत नाही हो.

कान्यशायला कळलं ते योगायोगाने. लाल खूण पुसायला ती आली आणि किल्ली फिरेना. तिने मेलिसला फोन लावला. “बाइके, तुझा जुना फोन कुठेय?”

“तो? विकला की! का, तुला हवा होता?”

मी ज्यांच्या जागेत राहते त्या कंपनीला तिने पत्र लिहिलं. ते म्हणाले, साइट तुमचीच असल्याची खात्री पटवा. त्यासाठीचा निरोप त्यांनी पाठवला तो चोराच्या पत्त्यावर. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली की असंच होतं. आत आलेली पत्रं तिला वाचता येत नव्हती. बाहेरचं ‘या’ तेवढं दिसत होतं.

तिने अपाला फोन करून सगळं सांगितलं.

“म्हणजे कोणीतरी येणार.”

“कदाचित, अपा.”

“कोण? कधी?”

“माहीत नाही गं. मला आत जाता येत नाहीये.”

“माझ्या दारावर ‘या’ लिहिलंय. मग दारात कोणीतरी असायला हवं.”

“अगं, वर गुडघाभर बर्फ आहे! तू वेडी झालीस का?”

“एक तंबू पुरे. घोडी तयार आहे. तू फोनजवळ बस.”

आज सकाळी अपा हिवाळ्याच्या रस्त्याने वर गेली. तिथे फोन लागत नाही. आपण कोणासाठी निघालोय हे तिला माहीत नाही. त्या पाहुणीचा नान मागे भिंतीवर टांगलेलाच आहे.

अग्न्येश्काही आज सकाळीच ओशहून निघाली. दुपारी वाटेत तिने मला उघडलं आणि रस्ता विचारला. मी तिला उन्हाळ्याचा रस्ता दाखवला, नदीपलीकडचा. माझ्याकडे दुसरा नव्हताच. तिने मान डोलावली, बाळाची टोपी नीट केली आणि गाडी तिकडे वळवली. त्यानंतर तिने मला उघडलेलं नाही.

तुमचीही माझ्यासारखी एखादी असेल. तिच्या कोपऱ्यातली लाल खूण आज बघा. गेलेल्या माणसाचा नान भिंतीवर खुशाल राहू द्या, त्याची वाटही बघा. किल्ली मात्र काढून घ्या.

थांबा, मला कोणीतरी उघडतंय. कोणी नवीन आहे, पहिल्यांदाच आलंय. मला ओरडून सांगायचंय की कुरण बंद आहे, माघारी फिरा. पण त्याला माझ्या कपाळावर एवढंच दिसणार आहे. या.