करंगळीची साक्ष

मी झोळा बोलतोय. गोणपाटाचा, जाडाभरडा. शाळेची पायरी काही चढलो नाही, तेव्हा सावकाशच सांगीन.

आधी मी मिठाचं पोतं होतो. पनवेलच्या खाडीकाठी मिठागरं होती, तेव्हाची गोष्ट. फाटलो तसा बुधाजीनं मला कापला, दाभणानं शिवला, दोन बंद लावले आणि बायकोला, ठमाबाईला, म्हणाला, "घे, रेशनला ने. यानं मीठ सोसलंय, तांदूळ काय सोसणार नाय?"

पुढं बुधाजी गेला. मिठागरं भरावाखाली बुजली. ठमाबाई एकटी उरली आणि तिला आधार उरला रेशनचा. दर महिन्याला ती मला झटकायची, खांद्याला लावायची आणि दीनानाथच्या दुकानापुढं रांगेत उभी राहायची. येताना मी जड. झोळ्याला जड होण्यासारखं दुसरं सुख नाही बघा.

मग दुकानात अंगठ्याचं मशीन आलं.

ठमाबाईनं अंगठा ठेवला. मशीन लाल. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. जन्मभर मीठ ओढून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या.

"आजी, दुसरं बोट ठेवा," दीनानाथ म्हणाला. भला माणूस.

"नाय रं बाबा. अंगठा म्हंजे माजी सही. दुसरं बोट दिलं तं दुसऱ्याचं नाव लागंल. खोटं काम मी नाय करनार."

घरी येऊन तिनं अंगठा राखेनं घासला, चिंचेनं घासला, काथ्यानंही घासला. मळ बसला असेल, असं वाटलं तिला. होत्या नव्हत्या त्या रेषाही गेल्या! पुढच्या महिन्यातही मी रिकामाच परतलो, तोही आडवाटेनं. खुंटीवरून बघायचो, ती कण्यांत रोज थोडं पाणी वाढवायची. कधी नुसतीच चूल पेटवायची, शेजाऱ्यांना धूर दिसावा म्हणून.

पण शेजारीण होती जनी, मिठागरावरची तिची जोडीदारीण. धूर आहे आणि भाताचा वास नाही, हे तिनं हेरलं. पुढच्या वेळी रांगेत ती ठमाबाईच्या मागंच उभी राहिली.

मशीन लाल झालं. दीनानाथनं हात जोडले. "आजी, ऐका ना माझं."

"नाय म्हंजे नाय."

तशी जनी कडाडली, "गो ठमे, पानी मिठाला आलंय का नाय, ह्ये कशानं चाखायचीस?"

"करंगळीनं."

"ती कवा खोटं बोलली?"

ठमाबाई आपल्या करंगळीकडं बघू लागली.

"तुझ्या करंगळीच्या शब्दावर आख्खं मिठागर कामाला लागायचं. आनि आज तुझाच तिच्यावर भरवसा नाय?"

ठमाबाईनं करंगळी पदराला पुसली. हळूच टेकवली.

हिरवं!

आख्खी रांग ओरडली. दीनानाथनं हसत हसत माप भरलं, आणि तांदूळ माझ्या पोटात सर्रकन उतरला.

"शाळेतली पोरं करंगळी दावून भायेर पळतात," जनी म्हणाली, "आनि आमची ठमी करंगळी दावून तांदूळ घेऊन आली!"

ठमाबाई आडवाटेनं गेली नाही. मला खांद्यावर घेऊन भर गावातून, मान वर करून चालली. त्या संध्याकाळी भाताचा वास जनीच्या ओट्यापर्यंत गेला, आणि पाठोपाठ भाताची थाळीही.

आता मी म्हातारा झालोय. अंगावर ठिगळं आहेत, बंद जुन्या लुगड्याच्या काठाचे आहेत. पण मिठागरावरच्या साऱ्या म्हाताऱ्या आता मशीनपुढं ताठ करंगळी धरतात, ते बघून ऊर भरून येतो. एवढंच मागतो: कुणी म्हातारं माणूस मशीनपुढं अडलं, तर त्याला हुसकू नका. जरा थांबा. त्याच्या हातांनी जन्मभर काय केलं ते विचारा. एखादं बोट ओळख देईलच.

बरं, येतो. ठमाबाई मला झटकतेय. रेशन आलंय, मला जड व्हायला जायचंय.