बिडाचं झाकण

माझा हात माझ्या सख्ख्या बहिणीनं मोडला. लोखंडी गजानं, भर दुपारी, सगळ्या खात्यासमोर.

कोलशेतच्या आमच्या कारखान्यात वाफेवर माल शिजवायची मोठी टाकी होती. माल शिजला की तिचं जाड बिडाचं झाकण निवू द्यायचं, वाफ उतरली की उघडायचं. पण धीर कोणाला? मी आणि राघो तापलेल्या झाकणावर पाइपनं गार पाणी मारायचो. टाकी लवकर उघडायची, दौलतसाहेब खूश.

हेमाताई तिथेच इंजिनियर होती. साल एक्क्याण्णव. कोळीवाड्यातली एवढी शिकलेली ती एकटीच. तिनं कॉम्प्युटरवर त्या झाकणाचे बारीक बारीक चौकोन पाडले आणि कुठला किती तापतो, किती ताणला जातो, ते काढलं.

"वरचा थर गार होऊन आकसतो, आतला तापलेलाच राहतो," ती साहेबांना म्हणाली. "दर वेळी कडेची चीर वाढतेय. आता पाणी मारलं तर फुटेल."

"इतकी वर्षं तुझ्या त्या डब्याला विचारून टिकलं काय?" साहेब हसले. मीही हसलो. रात्री घरी तिनं मला हात जोडले, तर मी जेवणाचं ताट भिरकावलं. मला नोकरीत कायम व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाइप उचलला आणि ती गज घेऊन धावत आली.

"टाक तो, नाथा!"

मी टाकला नाही. तिनं गज घातला. मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. डाव्या हातानं मी तिच्या तोंडावर ठोसा मारला, तिचा ओठ फाटला. साहेबांनी तिला केसांना धरून ओढलं आणि वॉचमननी आम्हा दोघांना गेटाबाहेर फेकलं. गेट हलवत ती किंचाळत होती, "राघो, पळ! पाणी नको मारू!"

माझ्या हातून पडलेला पाइप राघोनं उचलला.

झाकण छपराचे पत्रे फाडून गेलं. राघोच्या आईनं, मनुबाईनं आपल्या पोराला ओळखलं ते हातातल्या कड्यावरून.

ती तशीच हॉस्पिटलात माझ्या खाटेपाशी आली आणि हेमाताईच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग मारतच राहिली.

"तुजे भावाचा हात मोरलास ना गो? मंग माजे राघोचा का नाय मोरलास?"

हेमाताईचा ओठ पुन्हा फुटला. मी मध्ये पडायला उठलो.

"बस खाली," हेमाताई मला म्हणाली. "मारू दे तिला."