दुर्गेश्वरीच्या खुणा

उमेंद्र रहांगडाले बायकोवर पाळत ठेवू लागला त्याला महिना होत आला होता, आणि एवढ्या दिवसांत नीट म्हणावी अशी एकही खूण त्याच्या हाती लागली नव्हती. बायकोबद्दल त्याला भलतासलता संशय होता असं कुणी समजू नये. चार एकर धान, दोन म्हशी आणि एक नवरा सांभाळणाऱ्या दुर्गेश्वरीला तेवढी सवड कुठली. पाळत वेगळ्याच कारणासाठी होती. देवानं तिला निवडलंय की नाही, हे त्याला शोधून काढायचं होतं.

माणूस मुळात गाइड. नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवरून अकरा वर्षं तो पर्यटकांना जिप्सीतून जंगल दाखवत होता. या धंद्यात पहिली गोष्ट शिकायची ती ही, की वाघ शोधायचा नसतो, वाघाच्या खुणा शोधायच्या असतात. वाटेच्या धुळीतला पंजा, सागाच्या बुंध्यावरचे नखोरे, झाडाच्या शेंड्यावरून वानराचं खाकरणं. तेवढं वाचता आलं की वाघ कुठे असेल ते सांगता येतं. उमेंद्रला ते उत्तम यायचं. फक्त ही विद्या जंगलातच ठेवायची असते, एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पहाटे गेटकडे चालत जाताना एका अस्वलानं त्याला पाडलं. खांदा फाडला, छातीवर बसलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, उठून निघून गेलं. दवाखान्यात एकोणीस दिवस काढले. तिथं शामकलाबाई नावाच्या नर्स होत्या, निवृत्तीला आलेल्या. ड्रेसिंग करता करता त्या हळू आवाजात त्याच्यासाठी प्रार्थना करायच्या. पुढे बरा झाल्यावर तो त्यांच्या तिरोड्याच्या घरी रविवारच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनासभेत, जाऊ लागला आणि मागच्या नाताळाआधी त्यानं बाप्तिस्मा घेतला. गावात कुजबुज झाली, भावकीनं काही दिवस तोंड फिरवलं. मग उन्हाळी धानाच्या रोवणीला माणसं कमी पडली आणि सगळे बोलू लागले.

दुर्गेश्वरी एवढंच म्हणाली होती, "तुमचं तुमी पाहा, माह्यं मी पाहीन." ती अजूनही रोज सांजेला घरातल्या देवाच्या ओट्यावर दिवा लावायची. त्याच वेळी तो पलीकडच्या खोलीत डोळे मिटून बसायचा. दोघांचं नीट चाललं होतं.

मग फेब्रुवारीत मंडळीचे पास्टर चंद्रकुमार यांनी निवडीचा विषय काढला. पास्टर छत्तीसगडकडचे, दर रविवारी रेल्वेनं यायचे, हिंदीत शिकवायचे. जग घडवायच्या आधीच देवानं आपली माणसं ठरवून ठेवली, आणि ती माणसांच्या चांगुलपणावरून नाही, निव्वळ स्वतःच्या मर्जीनं, असा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. उमेंद्र ऐकून हुरळून गेला. म्हणजे अस्वल उगाच नव्हतं उठून गेलं. आपलं नाव कधीचंच यादीत होतं. तीन दिवस तो गेटवर छाती काढून फिरला. चौथ्या दिवशी दुर्गेश्वरी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. तिच्याकडे बघता बघता त्याच्या मनात आलं, मग ही?

तिथून त्याचं स्वास्थ्य गेलं. जेवताना, जिप्सीत उभा असताना, प्रार्थनेत, सगळीकडे तोच किडा डोक्यात वळवळायचा. आपल्याला घेतलं तर हिला का नाही? हिच्यापेक्षा आपण काय मोठे लागून गेलो? लग्नाच्या पंधरा वर्षांत आपण दारूही प्यायलो, खोटंही बोललो. हिनं तर दवाखान्यात एकोणीस दिवस जमिनीवर झोपून काढले. तो घाबरला होता, आणि नुसता तिच्यासाठी नाही. हिला बाहेर ठेवणाऱ्या देवावर आपलं प्रेम टिकेल का, याची त्याला जास्त भीती वाटत होती, आणि हे तर कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती.

त्यानं पास्टरांना विचारलं. पास्टर सरळ माणूस, उगाच थाप मारणारा नव्हे. ते म्हणाले, "भैया, ये सवाल मैंने भी बहुत साल ढोया है. किसको चुना, किसको नहीं, ये आप-हम नहीं बता सकते. बस, जिसको उसने बुलाया, उसमें देर-सवेर निशानी दिखती है."

आपण सांगू शकत नाही, हा त्यातला मुद्दा होता. उमेंद्रच्या कानात मात्र फक्त 'निशानी' शिरलं. निशाणी शोधण्यात त्याचा हात धरणारं गेटवर कोण होतं?

मग घरात सफारी सुरू झाली. जेवणाआधी तो प्रार्थना करायचा तेव्हा दुर्गेश्वरीही घास हातात धरून थांबते, हे त्यानं हेरलं. दोन दिवस तो हवेत होता. तिसऱ्या दिवशी कळलं, की ती थांबते ती त्याच्या ताटावरच्या माशा हाकायला. एकदा गोठ्यात शेण काढताना ती मंडळीतल्या गाण्याची चाल गुणगुणत होती. त्याला रडू यायचं बाकी राहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच जागी, तितक्याच मनोभावे, एक सिनेमाचं गाणं म्हटलं. खूण दिसायची आणि पुसली जायची. अशात त्याचं कामातलं लक्ष उडालं. एका सकाळी वानरं कानठळ्या बसेपर्यंत ओरडत होती आणि हा पर्यटकांना उलट्या वाटेनं घेऊन गेला.

शेवटी त्यानं जंगलातली युक्ती घरात आणली. जंगलात वाटेच्या कडेला जागोजाग बारीक माती पसरून सपाट करून ठेवतात. रात्री जे जनावर जाईल त्याचा ठसा सकाळी त्यात मिळतो. उमेंद्रनं पहाटे निघण्याआधी फडक्यातून चुलीची राख चाळली आणि फळीवरच्या आपल्या बायबलच्या वेष्टनावर तिचा पातळ थर दिला. आपल्यामागे ती ते उघडून बघत असेल तर आज कळेल.

दुपारी परत आला तर राख नव्हती. कडेला राहिलेल्या थोड्याशा थरात चार बोटं आणि एक अंगठा स्पष्ट उठला होता. उमेंद्रचे गुडघे आपोआप जमिनीला टेकले. देवाचे आभार मानून झाल्यावर तो डोळे पुसत परसात गेला आणि तिला विचारलं, "तू वाचली का ते पुस्तक?"

"राख पडली होती त्याच्यावर. पुसलं," ती म्हणाली. "देवाचं पुस्तक हाये, अशी धूळ राहू द्याची नाही." मग तिच्या कपाळाला आठी पडली. चूल या टोकाला आणि फळी त्या टोकाला. राख तिथवर गेलीच कशी, असं तिनं विचारलं.

खोटं बोलायचं त्यानं बाप्तिस्म्यापासून सोडलं होतं आणि त्याआधीही ते त्याला धड जमत नव्हतं. त्यानं सगळं सांगितलं. निवड, यादी, निशाणी, माशा, गाणं, राख. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बंद होत गेला.

"तुमी मले पाहून राहिले, का वाघाले?" ती म्हणाली. "पंधरा वर्सं झाले. आन मी कोन व्हय ते तुमाले आता राख टाकून पाहा लागते?"

तिच्यासाठीच हा सगळा जिवाचा आटापिटा आहे, असं तो सांगू लागला. तिनं त्याला मध्येच थांबवलं.

"समजा आज कळलं, का तेथी माह्यं नाव नाही. मंग तुमी का कराल? जाल मले सोडून?"

उमेंद्रला उत्तर देता आलं नाही. उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते तोंडातून निघालं तर आपलं काय होईल हे त्याला कळत नव्हतं. त्याचं गप्प राहणं दुर्गेश्वरीनं तिला समजायचं तसं समजून घेतलं. ती घरात निघून गेली. पुढचे तीन दिवस भाजीत मीठ बरोबर होतं, पण बोलणं बंद.

रविवारी शामकलाबाईंच्या घरी प्रार्थनेची वेळ आली. एकेक जण उठून आपल्या घरच्या माणसांसाठी मागत होता. कुणाचा दमा, कुणाची नोकरी. मग उमेंद्र उठला. तीन दिवस दाबून ठेवलेलं उत्तर त्यानं देवाच्या पुढ्यात टाकलं.

"बापा," तो म्हणाला, "तिचं नाव तुह्या यादीत नसंल तं माह्यं बी खोडून टाक. मी तिले सोडून येत नाही."

एरवी प्रत्येक प्रार्थनेनंतर आमेन व्हायचं. या वेळी कुणाच्या तोंडून ते निघेना. शामकलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

सगळे गेल्यावर त्यांनी उमेंद्रला बाजूला बसवलं. रागावतील असं त्याला वाटलं होतं. पास्टर म्हणाले, की बायबलमधल्या ज्या प्रेषितानं निवडीचं सगळ्यात कडक लिहून ठेवलंय, त्यानं ते लिहिण्याआधी आपल्या लोकांसाठी असंच म्हटलं होतं. त्यांच्यासाठी मी देवापासून तोडला गेलो तरी चालेल, असं.

"मंग देवानं तोडलं त्याले?" उमेंद्रनं विचारलं.

"नहीं."

"आन त्याच्या लोकायचं का झालं?"

पास्टरांनी हात जोडून मांडीवर ठेवले. ते आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. उमेंद्र मोटारसायकल काढून निघाला. वाटेत ऊन मी म्हणत होतं. आपण जे दोन वर्षं जिवापाड जपलं ते आज स्वतःच्या हातानं टाकून दिलं की काय, ही धास्ती त्याला सोडत नव्हती. तरी बोललेला शब्द मागे घ्यावा असं मात्र वाटत नव्हतं, आणि त्याचीही भीती वाटत होती.

दुर्गेश्वरी पडवीत चिंचा फोडत बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिनं विचारलेल्याचं उत्तर दिलं. मंडळीत काय म्हणालो ते शब्दाला शब्द सांगितलं.

तिच्या हातातला दगड थांबला. ती मान खाली घालून चिंचुके बाजूला सारू लागली. तिला रडू येतंय असं त्याला वाटलं, पण ती वर बघायला लागली तेव्हा चांगलीच संतापलेली होती.

"मले इचारलं होतं का तुमी?"

"का इचारायचं?"

"माह्यं नाव असलं तेथी, तं?" ती म्हणाली. "मी तेथी गेली, आन तुमचं तुमी खोडून बसले. मंग मी का करू तेथी एकटी? ना कोनी वळखीचं, ना पारखीचं."

उमेंद्र बोलला होता तिच्या नसण्याबद्दल. तिचं असणं त्याला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. ही बाई मनानं स्वर्गात जाऊन, आत शिरून, याची वाट बघत उभीसुद्धा राहून आली होती.

त्याचे डोळे सवयीनं बारीक झाले. ही खूण धरायची का? तिनं ते तत्काळ ओळखलं.

"फेर पाहून राहिले मले," ती म्हणाली. "उठा. जा आन सांगून या. खोडू नोको म्हनाव."

"आता?"

"मंग कवा?"

तो उठला. पलीकडच्या खोलीत जावं असं त्याला वाटलं, पण पाय परसात गेले. विहिरीपाशी टळटळीत उन्हात तो उभा राहिला. कुठे तोंड करावं ते कळेना, डोळे मिटवेनात. पडवीत चिंचा फोडायचा आवाज थांबलेला होता, म्हणजे ती ऐकत होती.

"बापा," तो म्हणाला, "तिनं पाठवलं हाये मले."