पडले कसे?

चादर बदलताना मी सासऱ्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि त्यांच्या उजव्या मांडीत काहीतरी मोडलं. आवाज लहानसाच, वाळकी काटकी मोडल्यासारखा. ते "हो, हो, हो" म्हणाले आणि घामाने भिजले. मी चादरीचा कोपरा नीट खोचला आणि मग रुग्णवाहिकेला फोन केला. आधी चादर का खोचली, ते मला अजून सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, "हो". चहा हवा? हो. नको? हो. तीस वर्षं चौकात उभं राहून लोकांना अडवणाऱ्या वाहतूक हवालदाराला नेमका हाच शब्द उरावा, यावर घरात पहिले चार दिवस थट्टाही झाली. मग ती संपली.

हॉस्पिटलात जो तो एकच विचारत होता, पडले कसे? आधी वॉर्डबॉय, मग एक्स-रेवाला, मग सिस्टर. मी म्हणत होते, पडले नाहीत. न पडता मांडी मोडते हे मलाच खरं वाटत नव्हतं, तर त्यांना कुठून वाटणार?

दुपारी वन्सं पोचल्या. एरवी त्या महिन्यातून एकदा फळं घेऊन येतात, वडिलांच्या केसांवरून हात फिरवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. दुरून डोंगर साजरे. पण माया खोटी नाही, हेही सांगायला हवं. त्या सरळ खाटेशी गेल्या.

"बाबा, वहिनींच्या हातून पडलात का?"

"हो."

"ऐकलंत?" त्या मला म्हणाल्या.

"त्यांना विचारा, आज तुमचं लग्न आहे का."

त्यांनी विचारलं नाही. मला राग यायला हवा होता, आला नाही. वर्षभर असंच चाललंय. राग, रडू, भूक, काहीच वेळेवर येत नाही.

डॉक्टर तरुण होते, जेवायचे राहिलेले दिसत होते. त्यांनी दोन्ही मांड्यांचे एक्स-रे उजेडाला लावले. डावं हाड पांढरं, जाडजूड. उजवं नुसतं पुसट.

"अंगाचा भार पडला नाही की हाड विरळ होत जातं. लुळ्या बाजूचं जास्तच. असं हाड कूस बदलतानाही मोडतं. कुणी पाडायला लागत नाही."

वन्संचा चेहरा उतरला. "वहिनी, मी उगाच बोलले," म्हणत त्यांनी माझा हात धरला.

"घरी रोज उभं करत होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं. "दिवसातून दोनदा, धरून, दहा-दहा मिनिटं?"

"हो," सासरे म्हणाले.

डॉक्टर ते लिहायला लागले. वन्संनीही मान डोलावली. आता मी गप्प राहिले असते तरी भागलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "पहिले सहा महिने केलं. उभं करायला दोन माणसं लागतात. मग माझ्या मिस्टरांची परगावी बदली झाली. मी एकदा एकटीने उभं केलं, तेव्हा ते माझ्या हातून पडले. लागलं नाही फारसं. पण मला भीती बसली, आणि मी ते सोडून दिलं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. वन्संनी माझा हात सोडला.

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही दर महिन्याला त्यांना विचारायचात ना, बाबा, सगळं नीट चाललंय ना? ते हो म्हणायचे. तुम्ही गाडी पकडायचात." माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मला ऐकू येत होता. "मीही तिथेच उभी असायचे, वन्सं. मलाही ते ऐकून बरं वाटायचं."