गरजेचा डबा, इच्छेचा डबा

रविवारी चर्चमध्ये उपासनेला अर्धा तास असताना घड्याळजी प्रार्थनापेटी उघडून बसे. आठवडाभर लोकांनी टाकलेल्या चिठ्ठ्या त्यात असत, बिननावाच्या. पूर्वी पाळकसाहेब सगळ्याच वाचत. एकदा बेचाळीस निघाल्या, अर्धी मंडळी पेंगली, आणि ठरलं की फक्त गरजा मोठ्याने वाचायच्या. इच्छांसाठी एक मिनिट मौन. निवडायचं काम घड्याळजीकडे आलं. जन्म भिंगातून बारीक चाकं निवडण्यात गेलेला, त्याला हे काय जड!

त्याचं मोजमाप सोपं होतं. सेकंदकाटा गळला तरी घड्याळ वेळ दाखवतं, म्हणून सेकंदकाटा ही इच्छा. स्प्रिंग तुटली की घड्याळ बंद, म्हणून ती गरज. ऑपरेशन, नोकरी, लेकराचा ताप गरजेच्या डब्यात. जावयाला सुबुद्धी, नवा सोफा इच्छेच्या.

"देवाला दोन कान आहेत म्हणून दोन डबे का हो, दादा?" फरशी पुसणाऱ्या मावशी विचारायच्या.

"पाळकसाहेबांना घसा एकच आहे, म्हणून."

त्या रविवारी एक चिठ्ठी निघाली: 'प्रभू, उपासनेत माझ्या शेजारी कोणीतरी बसावं.' शेजारी कोणी नसलं म्हणून काय प्रार्थना अडते? सेकंदकाटा. त्याने ती इच्छेच्या डब्यात टाकली आणि विसरून गेला.

पुढच्या रविवारी तेच अक्षर पुन्हा आलं. 'प्रभू, परत तेच मागणं आहे. या रविवारीही कोणी बसलं नाही, तर इथे येणं थांबवायचा विचार आहे.'

घड्याळजी चिठ्ठी घेऊन मावशींकडे गेला.

"मावशी, असं एकटं कोण बसतं हो इथे?"

"नावं कशी सांगू? मी बाकं पुसते. एकाच जागी झिजलेली बाकं मोजायची तर सात आहेत."

सात! इतकी वर्षं तो पेटीजवळच्या स्टुलावरून सगळ्या मंडळीकडे तोंड करून बसत होता, आणि त्याला एकही दिसलं नव्हतं. त्याने चिठ्ठी गरजेच्या डब्यात ठेवली. वर ऑपरेशनची, खाली नोकरीची.

पाळकसाहेब ती वाचता वाचता थांबले. चष्म्यावरून पाहत म्हणाले, "घड्याळजी, ही चुकून इकडे आली का?"

सगळ्या माना वळल्या. चारचौघांत बोलायची घड्याळजीला सवय नव्हती. तो उठला खरा, पण हात कुठे ठेवावे तेच कळेना.

"नाही," तो म्हणाला. "मागच्या रविवारी चूक झाली. माझी. ही... गरजच आहे. आजची."

 मग एक बाक करकरलं. शिंपीण उठून खिडकीजवळच्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसली. मग जिकडेतिकडे पिशव्या, काठ्या, गीतांची पुस्तकं यांची हलवाहलव. पाळकसाहेबांनी पुढची चिठ्ठी तशीच हातात धरून ठेवली.

निवृत्त नर्सबाई मात्र खुर्ची ओढत थेट स्टुलाकडे आल्या.

"एवढं मनात होतं, तर सांगायचं ना. चिठ्ठी कशाला?"

"माझी नाही हो ती. खरंच नाही."

"माझीही नाही," बाई म्हणाल्या. "सरका जरा."

गीत सुरू झालं. बाईंचा सूर वर, याचा खाली. पुस्तक मात्र दोघांनी मिळून धरलं.

पुढच्या रविवारी पेटीत ते अक्षर नव्हतं. घड्याळजीला चैन पडेना. अक्षर नाही म्हणजे मागणं पुरं झालं, की माणूसच आलं नाही? उपासना सुरू होताच तो दारापासून डोकी मोजू लागला. मावशींनी गेल्या वेळी पासष्ट मोजली होती.

"काय पुटपुटताय?" नर्सबाईंनी विचारलं.

"चौसष्टच भरतात. एक कमी आहे." त्याचा चेहरा पडला होता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"स्वतःला धरलंत का?"